पित्तात पोहोचणारं औषध आणि तुंबलेली पित्तनलिका

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शनने दिलं जाणारं एक नेहमीच्या वापरातलं अँटिबायोटिक. त्याचा १ ग्रॅमचा डोस शिरेतून दिल्यावर १ ते ३ तासांत शरीरात कुठे किती औषध सापडतं, याची मोजणी त्याच्या माहितीपत्रकात छापलेली असते. रक्तद्रवात दर मिलिलिटरला सरासरी ६२ मायक्रोग्रॅम, पित्ताशयातल्या पित्तात ५८१ आणि मुख्य पित्तनलिकेतल्या पित्तात ७८८. म्हणजे रक्तात जेवढं, त्याच्या नऊ ते तेरा पट पित्तात.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल, की पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला तर याहून चांगलं औषध कोणतं? बराच काळ वैद्यकातही असाच विचार होत होता. जे औषध पित्तात जास्त उतरतं, ते पित्तमार्गासाठी चांगलं. पण त्याच मोजणीत आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. पित्ताशयाच्या भिंतीत दर ग्रॅममागे औषध सापडलं ७८ मायक्रोग्रॅम. पित्तातल्या प्रमाणाशी त्याची काही तुलनाच नाही. ते रक्तातल्या प्रमाणाच्या आसपास आहे. आणि पित्ताशयाला सूज येते तेव्हा खरा आजार असतो तो या भिंतीत.

शिवाय हे मोजमाप वाहत्या पित्तमार्गातलं आहे. संसर्ग होतो तो बहुतेक वेळा तुंबलेल्या मार्गात. औषध पित्तात कसं जातं हे नीट समजलं, की या दोन गोष्टींमुळे एवढा फरक का पडतो ते लक्षात येतं.

आधी एक खुलासा. आंबट ढेकर, छातीत जळजळ हा जठरातल्या आम्लाचा त्रास, त्याचा इथे संबंध नाही. इथे विषय आहे यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या पित्ताचा. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्यात बहुतांश पाणी असतं, बाकी पित्तक्षार, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य. हे पित्त बारीक नळ्यांमधून मोठ्या नळ्यांमध्ये आणि शेवटी मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतं. वाटेत बाजूला पित्ताशय लटकलेलं असतं. त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं, पण ते त्यातलं पाणी शोषून पित्त चांगलंच दाट करतं.

औषध रक्तातून फुफ्फुसात किंवा स्नायूत जातं ते बऱ्याच अंशी पाझरून. केशवाहिन्यांच्या भिंतीतून ते बाहेर झिरपतं आणि आजूबाजूच्या ऊतींत पसरतं. पित्तात असं झिरपून फारसं काही जात नाही, कारण रक्त आणि पित्त यांच्यामध्ये यकृताची पेशी उभी आहे. तिच्या एका बाजूला रक्त वाहतं. यकृतातल्या या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला छिद्रं असतात, त्यामुळे रक्तातला द्रव थेट पेशीला येऊन भिडतो. दुसऱ्या बाजूला, शेजारशेजारच्या दोन पेशींच्या मधे, साधारण एक मायक्रोमीटर रुंदीची पन्हळ असते. पित्ताचा उगम तिथे. पन्हळीच्या दोन्ही काठांवर पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातली गोष्ट मधल्या फटीतून सहज पित्तात घुसू शकत नाही. बहुतेक औषधांना पेशीच्या आतूनच जावं लागतं.

आणि पेशीत शिरायलाही परवाना लागतो. रक्ताच्या बाजूच्या पटलावर वाहक प्रथिनं असतात. मुळात ती बिलिरुबिन आणि पित्तक्षारांसारखे पदार्थ आत ओढण्यासाठी असतात, पण रचनेने त्यांच्याशी मिळतीजुळती औषधंही त्यांच्या हाती लागतात. पन्हळीच्या बाजूला वेगळी प्रथिनं असतात. ती पेशीची ऊर्जा खर्चून पदार्थ बाहेर पित्तात ढकलतात. एमआरपी-२ हे त्यांतलं एक महत्त्वाचं. रक्तातल्यापेक्षा पित्तात औषध कित्येक पट जास्त कसं साठतं, याचं उत्तर इथे आहे. नुसतं पाझरून दोन्हीकडचं प्रमाण फार तर सारखं झालं असतं. नऊपट, तेरापट करायला उपसा लागतो, आणि तो ही प्रथिनं अखंड करत असतात.

मग कोणती औषधं या उपशाला सापडतात? साधारणपणे आकाराने मोठी, म्हणजे माणसात ढोबळमानाने ५००च्या आसपास किंवा त्याहून जास्त रेणुभार असलेली, ज्यांचा एक भाग पाण्यात आणि दुसरा चरबीत रमतो अशी, आणि बऱ्याचदा रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारी. चिकटून राहिल्यामुळे मूत्रपिंड त्यांना पटकन गाळून टाकू शकत नाही आणि यकृताला वेळ मिळतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि सेफोपेराझोन ही याची नमुनेदार उदाहरणं. सेफोपेराझोनचा तर मोठा हिस्सा पित्तावाटेच बाहेर पडतो. पिपेरासिलिन, रिफाम्पिसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, टायजेसायक्लिन हीसुद्धा पित्तात चांगली उतरतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू तुलनेने लहान, तरी त्याचं पित्तातलं प्रमाण रक्ताच्या कित्येक पट होतं. म्हणजे रेणुभाराचा नियम हा अंदाजापुरता, त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकासिन ही दुसऱ्या टोकाची औषधं. पाण्यात मनसोक्त विरघळतात, प्रथिनांना जवळपास चिकटत नाहीत आणि मूत्रपिंडातून निघून जातात. पित्तात त्यांचं प्रमाण कमी राहतं.

हे आकडे मोजतात कसे, तेही पाहायला हवं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत सुईने ओढून घेतलेलं पित्त, किंवा पित्तनलिकेत ठेवलेल्या नळीतून बाहेर येणारं पित्त प्रयोगशाळेत तपासतात. शस्त्रक्रिया ठरवून केलेली असेल, नळीतून पित्त नीट वाहत असेल, तर आकडे भरघोस येतात. शिवाय पित्ताशयाने पाणी शोषून घेतल्यामुळेही प्रमाण वाढलेलं असू शकतं. मोजणी खोटी नसते. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या परिस्थितीतली आहे.

आता जंतूंकडे वळू. निरोगी पित्त जवळजवळ निर्जंतुक असतं. आतडं तर जंतूंनी भरलेलं, आणि पित्तनलिका त्यातच उघडते. तरी जंतू वर चढत नाहीत. तोंडाशी ओडीचा स्नायू झडपेसारखं काम करतो, पित्ताचा प्रवाह सतत खाली धुऊन काढतो, पित्तक्षार स्वतःच कित्येक जंतूंना मारक असतात, आणि यकृतातल्या भक्षक पेशी आतड्याकडून रक्तावाटे आलेले जंतू गिळून टाकतात. यांतलं सर्वांत मोठं संरक्षण कोणतं, असं विचारलं तर मी प्रवाहाचं नाव घेईन. प्रवाह थांबला की बाकीची संरक्षणं एकेक करून ढासळतात.

प्रवाह अडवतो तो बहुतेकदा खडा. कधी गाठ, कधी नळीचं आकुंचन, कधी नलिका उघडी ठेवायला आधी बसवलेला आणि आता तुंबलेला स्टेंट, म्हणजे बारीक नळी. साचलेल्या पित्तात वाढणारे जंतू आतड्यातलेच असतात. ई. कोलाय सगळ्यांत जास्त वेळा, मग क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस, एन्टेरोबॅक्टर, काही रुग्णांत स्यूडोमोनास, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे बॅक्टेरॉइड्स. पित्तक्षार त्यांना का मारत नाहीत? कारण आतड्यात त्यांना रोजच पित्तक्षारांशी गाठ घालावी लागते आणि त्यांनी त्याची सवय करून घेतलेली असते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅकोन्की अगार नावाचं माध्यम वापरतात, त्यात पित्तक्षार मुद्दाम घातलेले असतात. इतर बरेच जंतू त्यावर वाढत नाहीत. ई. कोलाय मात्र झकास वाढतो आणि त्याच्या गुलाबी वसाहती दिसतात.

आता अडथळ्याचा परिणाम पाहू. पित्तनलिकेत एरवी दाब कमी असतो, साधारण ७ ते १४ सेंटिमीटर पाण्याइतका. खडा अडकला तरी यकृत पित्त करत राहतं, म्हणून दाब चढतो. तो ३० सेंटिमीटरच्या आसपास गेला की पित्तस्राव जवळपास थांबतो. पेशीने औषध पन्हळीत ढकलायचं म्हटलं तरी पुढे जायला जागाच नसते. शिवाय तुंबलेल्या अवस्थेत यकृतपेशी स्वतःला वाचवण्यासाठी आपली व्यवस्थाच बदलते. पन्हळीच्या बाजूची एमआरपी-२सारखी वाहक प्रथिनं कमी होतात आणि पदार्थ उलट रक्ताकडे टाकले जातात. कावीळ दिसते ती यातूनच. जो उपसा बिलिरुबिनला पित्तात टाकत होता, तोच औषधालाही टाकत होता. बिलिरुबिन रक्तात साचतंय याचा अर्थ औषधाचीही पित्ताकडची वाट बंद झाली आहे.

म्हणजे ज्या औषधाची निवड ‘पित्तात भरपूर जातं’ म्हणून केली, ते नेमक्या त्याच रुग्णात पित्तात पोहोचत नाही. पूर्ण अडथळा असलेल्या रुग्णांच्या पित्तात अँटिबायोटिकचं प्रमाण अगदी नगण्य होऊ शकतं, हे मोजून पाहिलेलं आहे. अडथळा काढल्यावरही पेशींची क्षमता त्याच क्षणी परत येत नाही, त्याला वेळ लागतो. पित्ताशयाच्या बाबतीतही असंच होतं. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा बसला, की यकृतातून औषध घेऊन आलेलं पित्त पित्ताशयात शिरतच नाही, खालून थेट आतड्यात निघून जातं. आत साचलेलं जुनं पित्त तसंच राहतं.

हे झालं औषधाचं. जंतूंचं काय होतं ते जास्त गंभीर आहे. नलिकेतला दाब साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या पुढे गेला, की पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात आणि जंतूंनी भरलेलं पित्त उलट दिशेने यकृतातल्या रक्तवाहिन्यांत शिरतं. दात वाजवणारी हुडहुडी भरते ती यामुळे. जंतू आणि त्यांचं विष थेट रक्तात उतरत असतं. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये पित्तनलिकेच्या या संसर्गाची तीन लक्षणं एकत्र नोंदली होती: हुडहुडी भरून ताप, कावीळ, आणि पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणं. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी त्यांत आणखी दोन जोडली, रक्तदाब घसरणं आणि रुग्णाला भ्रम होणं. ही पाच एकत्र दिसली तर जिवावर बेतलेलं असतं. पाचही दिसायची वाट पाहायची नसते, हे वेगळं सांगायला नको. विशेषतः वृद्ध माणसात ताप किंवा दुखणं फारसं नसूनही आजार पुढे गेलेला असू शकतो.

मग पित्तात जर औषध जातच नाही, तर अँटिबायोटिक द्यायचं कशाला? कारण लढाई फक्त पित्तात चाललेली नाही. जंतू रक्तात शिरलेत, नलिकेच्या आणि पित्ताशयाच्या भिंतीत शिरलेत, यकृताच्या ऊतीत शिरलेत. तिथे औषध रक्तावाटे पोहोचतं आणि त्याला पन्हळीच्या उपशाची गरज नसते. पित्ताशयाच्या भिंतीला तिची स्वतंत्र धमनी रक्त पुरवते. पित्तनलिकांना रक्त मिळतं ते यकृताच्या धमनीतून. सुरुवातीचा तो ७८चा आकडा म्हणूनच मला ७८८पेक्षा मोलाचा वाटतो. सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीर कोलमडणं, रोखणं, भिंतीतला संसर्ग आटोक्यात आणणं, यकृतात गळू होऊ न देणं, आणि नळी मोकळी करायची प्रक्रिया सुरक्षितपणे पार पडावी म्हणून रक्तात संरक्षण उभं करणं, ही अँटिबायोटिकची खरी कामं.

या आजारांसाठी जगभर वापरली जाणारी टोकियो मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये आली, २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. त्यांचाही सूर असाच आहे: पित्तातल्या प्रमाणावर औषध निवडण्याला ठोस वैद्यकीय पुरावा नाही, अडथळा आल्यावर औषधाचा पित्तातला स्राव थांबतो. निवडताना बघायचं ते वेगळंच. संशय कोणत्या जंतूंचा, त्या भागात ते कोणत्या औषधांना दाद देत नाहीत, रुग्णाने आधी कोणती औषधं घेतलीत, आजार किती तीव्र आहे, मूत्रपिंड आणि यकृत कसं चाललंय. जंतूच औषधाला जुमानत नसेल, तर ते पित्तात हजार पट साठूनही काही साधत नाही. विस्तृत पल्ल्याचं बीटा-लॅक्टमेज (ईएसबीएल) हे औषध तोडणारं विकर बनवणाऱ्या ई. कोलायवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन बऱ्याचदा कुचकामी ठरतं, तिथे कार्बापेनेम या अँटिबायोटिकच्या दुसऱ्या गटाकडे वळावं लागतं. एन्टेरोकॉकसवर तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ज्यात मोडतं त्या सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं मुळातच चालत नाहीत. म्हणून पहिला डोस देण्याआधी रक्ताचा आणि नळी मोकळी करताना पित्ताचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवणं फार महत्त्वाचं. दोन दिवसांनी त्याचा अहवाल आला, की अंदाजाने दिलेलं व्यापक औषध नेमकं करता येतं. अर्थात नमुन्यासाठी औषध ताटकळत ठेवायचं नसतं. रक्तदाब घसरलेला असेल तर पहिला डोस तासाभरात जायला हवा.

आणि नळी मोकळी करणं हा उपचाराचा कणा. आज ते बहुधा ईआरसीपीने होतं. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथे भिंतीवर एक छोटा उंचवटा दिसतो, ते पित्तनलिकेचं तोंड. त्यातून बारीक तार वर सरकवतात, तारेवरून नळी किंवा स्टेंट. तार अडथळ्याच्या पलीकडे गेली आणि स्टेंट बसला, की दाबाखाली साचलेलं गढूळ पित्त, कधी चक्क पू, आतड्यात भळाभळा उतरताना पडद्यावर दिसतो. रुग्ण फार अस्वस्थ असेल तर त्या वेळी खडा काढण्याच्या भानगडीत न पडता नुसता निचरा करून थांबतात, खडा नंतर काढता येतो. दुर्बिणीतून हे जमलं नाही, तर त्वचेतून यकृतात सुई घालून बाहेरून निचरा करतात.

हाँगकाँगमध्ये ८२ गंभीर रुग्णांवर झालेला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत निर्णायक ठरला. निम्म्यांचा निचरा दुर्बिणीतून केला, निम्म्यांचा पोट उघडून. अँटिबायोटिक दोन्ही गटांना मिळत होतं. दुर्बिणीच्या गटात सुमारे १० टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के. औषध दोन्हीकडे असूनही इतका फरक पडला, तो निचरा कोणत्या मार्गाने केला यामुळे. ‘आधी औषधाचा कोर्स पूर्ण करू, मग बघू’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. सौम्य आजार औषधावर आणि सलाइनवर आवरतो, हे खरं. पण चोवीस तासांत उतार दिसत नसेल, किंवा रक्तदाब, लघवी, शुद्ध यांत बिघाड दिसत असेल, तर डॉक्टर निचऱ्याची घाई करतात ती योग्यच असते.

निचरा झाला की औषधाची गरजही आटोक्यात येते. संसर्गाचं मूळ काढल्यानंतर ४ ते ७ दिवस पुरतात, असं टोकियो तत्त्वं सांगतात. रक्तात एन्टेरोकॉकससारखे जंतू सापडले असतील तर हृदयाच्या झडपांना धोका असल्यामुळे किमान दोन आठवडे. पित्ताशयाच्या सौम्य आणि मध्यम सुजेत पित्ताशयच काढून टाकलं, तर मूळच गेलेलं असतं. फ्रान्समध्ये अशा ४१४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्यांना औषध दिलं. नंतर एका गटाला आणखी पाच दिवस दिलं, दुसऱ्याला दिलंच नाही. नंतरच्या संसर्गाचं प्रमाण १५ आणि १७ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही.

पित्तात जास्त साठण्याचा एक तोटाही आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पित्ताशयात दाट होताना तिथल्या कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचा गाळ बसतो. सोनोग्राफीत तो हुबेहूब खड्यांसारखा दिसतो, लहान मुलांत विशेष. औषध बंद केल्यावर बहुतेक वेळा तो आपोआप विरघळून जातो, म्हणून नुकतंच हे इंजेक्शन झालेलं असेल तर सोनोग्राफी करणाऱ्याला ते सांगून ठेवावं.

पित्तातलं प्रमाण खरोखर कळीचं ठरतं असा एक आजार आहे: विषमज्वराचा दीर्घकाळचा वाहक. ताप कधीच गेलेला, माणूस ठणठणीत, पण साल्मोनेला टायफी पित्ताशयात मुक्कामाला राहतो आणि वर्षानुवर्षं शौचावाटे बाहेर पडत राहतो. इथे पित्त वाहतं आहे, अडथळा नाही, यकृतपेशींचा उपसा चालू आहे. म्हणून पित्तात चांगलं उतरणारं सिप्रोफ्लॉक्सासिन, जंतू त्याला दाद देत असेल तर, चार आठवडे दिलं की बऱ्याच वाहकांची सुटका होते. खडे असतील तर मात्र गणित बिघडतं. खड्याच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थराच्या आत, भोवतीच्या पित्तात कितीही औषध असलं तरी, ते तग धरतात. तेव्हा पित्ताशय काढण्याचा विचार करावा लागतो. तेवढ्यानेही काहींचा संसर्ग जात नाही, कारण जंतू यकृतातल्या बारीक पित्तनलिकांमध्येही ठाण मांडून बसलेले असतात.